चिडायचं तर दोघांनी

बेटावर शिवी द्यायची नाही, हा नेम कोणी घातला आणि कधी घातला, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दिसतं ते बेट. वर दिव्याचा मनोरा, खाली खडकात शेंदूर फासलेला वेताळ, मधे करवंदीच्या जाळ्या आणि मनोऱ्याला लागून आमचं दोन खोल्यांचं घर. घरात आबा, आई आणि मी. आबा म्हणजे माझे वडील. दिवा त्यांच्या ताब्यात होता. थळचे कोळी पाण्यावर असेपर्यंत एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, पण होडीतून उतरून खडकावर पाय ठेवला की तोंडाला कुलूप. वेताळाला शिवी खपत नाही, दिली तर परतीच्या वाटेवर वारा फिरतो, असं सगळे मानायचे. आबांच्या हाताखाली काम करणारे रामाकाका कोळी हे तर हाडाचे शिवराळ. त्यांची बेटावर फार पंचाईत व्हायची. पायावर तेलाचा डबा पडला की ते नुसते "आं... आं..." करत उभे राहायचे, चेहरा लालबुंद, शब्द घशात अडकलेला. मग लंगडत खाली जायचे, होडी पाण्यात ढकलायचे, तिच्यात बसून मनसोक्त बोलून घ्यायचे आणि शांत होऊन परत यायचे. आम्ही वरून बघत असायचो. ऐकू काही यायचं नाही, पण त्यांच्या हातवाऱ्यांवरून मजकूर कळायचा.

ही पंचाईत सोडवली म्हाताऱ्या साहेबांनी. पावसाळा सरला की दिव्याची तपासणी करायला मुंबईहून लाँच यायची आणि तिच्यातून हे साहेब उतरायचे. मी अगदी लहान असताना एकदा समुद्र खवळला आणि ते बेटावरच अडकून पडले. आमच्यातच राहिले, आमचंच जेवले. एके सकाळी खडकावर उभे असताना त्यांच्या तोंडातला पाइप निसटून थेट पाण्यात गेला. साहेब कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत म्हणाले, "बॉदर!" एवढंच. रामाकाकांचे कान टवकारले. "आबा, इचारा की त्यास्नी, ही शिवी काय?" आबांनी भीत भीत विचारलं. साहेब हसले. म्हणाले, ही शिवी नव्हे. हिच्यात कोणाची आई नाही, बहीण नाही, कोणाचं वाईट चिंतलेलं नाही. नुसता वैताग बाहेर टाकायचा. "मग वेताळाला चालंल?" रामाकाकांचा पुढचा प्रश्न. साहेबांनी त्यावर खरोखर विचार केला म्हणे. मग म्हणाले, चालेल. त्यालाही अधूनमधून गरज पडत असेल.

त्या मुक्कामात त्यांनी आमच्या बेटाला चार शब्द देऊन ठेवले. चढत्या भाजणीने सांगायचे तर डिअर मी, बॉदर, डॅश इट आणि ब्लास्ट. आणखी एक रीतही दिली. त्यांच्या घरी म्हणे कोणी असं वैतागून काही बोललं की दुसऱ्या खोलीतलं माणूस तिथूनच तोच शब्द परत म्हणायचं. का, तर एकट्याने चिडू नये. एकट्याने चिडलं की राग घरात राहतो, दोघांनी मिळून चिडलं की निघून जातो. त्यांची बायको तशी साद द्यायची. ती पुढे वारली, आणि आता ते मुंबईला मोठ्या बंगल्यात एकटेच बॉदर म्हणतात, असं त्यांनी आबांना सांगितलं. आबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा इथे हमखास थांबायचे आणि उगाच घसा साफ करायचे.

तर अशी आमच्या घरची रीत पडली. दूध उतू गेलं की आई "डिअर मी" म्हणायची, म्हणजे तिच्या तोंडी ते "ड्यारमी" व्हायचं, आणि मनोऱ्यावर काच पुसणारे आबा तिथून "डिअर मी" करायचे. वाळत घातलेली सुकट कावळ्याने पळवली की बॉदर. दिव्याच्या ज्योतीवरची ती रेशमासारखी नाजूक जाळी बसवताना फाटली की डॅश इट. आणि ब्लास्ट राखून ठेवलेला होता मनोऱ्याच्या वरच्या दारासाठी. दिव्याच्या खोलीतून जिन्यावर यायला एक लोखंडी दार होतं, इतकं बुटकं की वाकल्याशिवाय निभाव नाही. आबा उंच. रोज सकाळी दिवा मालवून, पडदे ओढून ते खाली यायला निघायचे आणि रोज त्यांचं डोकं तिथे आपटायचं. "ब्लास्ट!" मनोऱ्याच्या पोकळीतून तो आवाज घुमत खाली यायचा. चुलीपुढे भाकरी थापता थापता आई मान वर न करता उत्तर द्यायची, "ब्लास, ब्लास!" मग तव्यावर भाकरी पडायची. तांदळाची गरम भाकरी, खडकावरून मी फोडून आणलेल्या कालवांचं तिखट कालवण आणि कपाळावर टेंगूळ घेऊन जेवायला बसलेले आबा, ही माझी सकाळ होती.

आज हे सांगताना हसू येतं, पण आईच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं फारसं नव्हतं. बेटावर येण्याआधी ती थळला आबांच्या थोरल्या भावाच्या घरी, माझ्या काकीच्या हाताखाली नांदली होती. त्या घरात शिव्या तांदळासारख्या मोजमाप न करता वापरल्या जात. काकीने उठता बसता भवानी, सटवी, अवदसा म्हणायचं आणि आईने पदर सारखा करून पुढच्या कामाला लागायचं. धाकट्या जावेने रागावायचं नसतं. रडलं तर एक वेळ चालतं. आबा दिव्यावर, आई थळला, अशी वर्षं काढल्यावर आबांनी म्हाताऱ्या साहेबांना भीत भीत विचारलं आणि मला कडेवर घेऊन आई बेटावर आली. इथे आल्यावर एकदा तिची भाकरी तव्याला चिकटली, आणि कधी नव्हे ते तिच्या तोंडून "बॉदर" निघून गेलं. तिने दचकून इकडेतिकडे पाहिलं. वरून आबांचा आवाज आला, "बॉदर!" आबा सांगायचे, त्यानंतर खालून बराच वेळ काही ऐकू येईना म्हणून ते काळजीने उतरून आले, तर ही तोंडाला पदर लावून हसत बसली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला रागीट म्हणतात. सासरी म्हणाले, शाळेत शिकवायला लागले तिथे म्हणाले, आता सुना दबक्या आवाजात म्हणतात. माझी नातवंडं टीव्ही बघून असले इंग्रजी शब्द फेकतात की कानात बोटं घालावीत, आणि मी ओरडले की म्हणतात, "आजी, चिल." म्हणोत. राग येणं ही आपल्याकडे बाईला कष्टाने मिळवावी लागणारी गोष्ट आहे, हे मी त्या बेटावर शिकले.

एक गोष्ट मात्र कच्ची होती. दिव्यावर कुटुंब ठेवायला परवानगी नव्हती. म्हाताऱ्या साहेबांनी कागदावर काही दिलं नव्हतं. ते लाँचमधून उतरले की आईकडे आणि माझ्याकडे बघून डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, मला इथे कोणी दिसत नाही. मग तसेच डोळे मिटून आईच्या हातचे तळलेले बोंबील खायचे आणि जाताना माझ्या हातावर बिस्किटं ठेवायचे. आमचं सगळं बेटावरचं जगणं त्या मिटलेल्या डोळ्यांवर उभं होतं. एका पावसाळ्यानंतर खबर आली की म्हातारे साहेब विलायतेला परत गेले आणि तपासणीला नवा साहेब येणार.

खबर घेऊन आले रामाकाका. होडीतून तेलाचे डबे उतरवतानाच त्यांनी सांगितलं, "नवा सायेब लय कडक हाय, आबा. कोवळा हाय, पन कडक. खाली कुठल्याशा दिव्यावर एकाला घरी बसिवला म्हनं."

"कशापायी?" आईने विचारलं.

"तोंड वर करून बोलला म्हनून."

संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं की साहेब यायच्या आदल्या दिवशी रामा तुम्हा दोघींना थळला सोडेल आणि साहेब गेला की परत आणेल. दोन रात्रींचा प्रश्न. आईने मान हलवली. पण काकीच्या घरी दोन रात्री म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला तो उतरलाच. दुसऱ्या दिवसापासून ती घासूनपुसून सगळं लख्ख करायला लागली, आणि काम करता करता मधेच थांबून म्हणाली, "अवो, सायबापुढं तुमची ती विंग्रजी बोलणी आवरा. तुमी पन आनि रामाभावजी पन."

"अगं, त्या काय शिव्या आहेत? साहेबांचेच तर शब्द."

"त्यांचे हायत म्हणूनच सांगत्ये," आई म्हणाली.

आबा हसले. मला वाटतं त्यांना ते खरंच कळलं नाही. त्यांच्या लेखी ते शब्द दिव्याच्या काचांसारखे होते, साहेबांनी विश्वासाने हाती दिलेले, जपून वापरायचे. नव्या साहेबासमोर एखादा निघाला तर तो खूषच होईल, असंही त्यांना मनातून वाटत असावं.

आम्ही निघायच्या दिवशी वारा उठला. लाटा खडकावरून उडून मनोऱ्याच्या भिंतीला लागत होत्या आणि रामाकाकांची होडी पाण्यात घालणं शक्य नव्हतं. आबा पुन्हा पुन्हा कठड्याशी जाऊन बघून येत होते. दुपारी वारा थोडा पडला, उद्या पहाटे निघू असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रामाकाका धावत वर आले. लाँच दिसत होती. साहेब दुपारी येणार म्हणून सांगितलेला, तो सकाळीच आला.

पुढचा वेळ मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतो. आई दोरीवरची लुगडी ओढून काढत होती. आबा माझी चिंधीची बाहुली शर्टाच्या आत कोंबत होते आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं. रामाकाकांनी फणी, कुंकवाचा करंडा, आईच्या चपला असं सगळं एका टोपलीत भरलं आणि वर जाळं टाकलं. मनोऱ्याच्या आत, जिना सुरू होतो तिथे डाव्या हाताला तेलाची कोठी होती. आबांनी आम्हा दोघींना तिच्यात घातलं. "साहेब लोक कोठी शेवटी बघतात. तो वर दिवा बघत असला की रामा तुम्हाला मागच्या बाजूने खडकात नेईल. तोवर श्वाससुद्धा जपून घ्या." दार लोटलं गेलं.

आत घासलेटाचा वास इतका दाट होता की डोळे चुरचुरायला लागले. डब्यांच्या रांगांमधे आई पाय पोटाशी घेऊन बसली आणि मी तिच्या मांडीत. दाराच्या फटीतून एक उजेडाची रेघ येत होती. बूट वाजले. एक पातळ, घाईचा, परका आवाज आणि त्याच्या मागे आबांचं "येस सर, येस सर". ते घरात गेले, विहिरीकडे गेले, परत आले. साहेबाने विचारलं म्हणे, स्वयंपाक कोण करतं? आबा म्हणाले, मी करतो. मग बूट जिन्याला लागले आणि वर वर चढत गेले. आम्ही रामाकाकांची वाट बघत राहिलो. पण साहेबाने रामाकाकांनाही वर बोलावून घेतलं होतं. दिव्याचं यंत्र फिरवून दाखवायला दोन माणसं लागत.

किती वेळ गेला कोण जाणे. वरून यंत्राची घरघर ऐकू आली, थांबली, पुन्हा सुरू झाली. आईच्या कपाळावरून घाम ओघळून माझ्या मानेवर पडत होता. आदल्या रात्री ती डोळ्याला डोळा न लावता बसली होती. आता तिची मान हळूहळू भिंतीला टेकली. मला शिंक येत होती आणि मी नाक गच्च धरून बसले होते. यंत्र थांबलं. वर दार करकरलं. बूट निघाले. आता संपलं, साहेब उतरेल, बाहेर पडेल, असं मी मनाशी म्हणते आहे तोच वर धप्प असा आवाज झाला आणि मनोऱ्याच्या पोकळीतून घुमत, जिन्याच्या वळणावळणावर आपटत तो शब्द खाली आला.

"ब्लास्ट!"

त्या मनोऱ्यात सगळ्यांचे आवाज सारखेच व्हायचे. आईचे डोळे अर्धवट मिटलेले होते, हात मांडीवर सैल पडले होते. मी तिच्याकडे बघतच होते. रोज सकाळी म्हणायची तसं, मान वर न करता, चांगल्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, "ब्लास, ब्लास!"

वर बूट जागीच थांबले. आईला आपण काय केलं ते माझ्या चेहऱ्याकडे बघून कळलं. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले, पण आता दाबून काय उपयोग होता? बूट उतरायला लागले, या वेळी सावकाश. कोठीचं दार उघडलं आणि एकदम उजेड आला.

साहेब खरोखरच कोवळा होता. लाल कान, ओठावर नुकती फुटलेली मिशी आणि कपाळावर फुटून रक्त आलेलं. त्याच्या मागे आबा, पांढरेफटक. साहेब आधी माझ्याकडे, मग आईकडे बघत राहिला. तो काय बोलला ते मला तेव्हा कळलं नाही. आबांनी पुढे सांगितलं. तो म्हणाला, नियम मोडून बायको ठेवलीस, ते मी एक वेळ समजू शकलो असतो. पण अंधारात बसवून तिला माझी नक्कल करायला शिकवलंस.

"नो सर," आबा म्हणाले. "आमची ती रीत आहे सर. आधीच्या साहेबांनी शिकवली."

"अधिकाऱ्याला हसायची रीत?"

आबांना जेवढं इंग्रजी येत होतं तेवढं त्यांनी सगळं काढलं. एकटं चिडू नये, दुसऱ्याने साद द्यावी, हे साहेबाच्या भाषेत कसं सांगायचं? त्यांचे हात हवेत फिरत होते, शब्द मिळत नव्हते, आणि जितकं सांगायला जावं तितके साहेबाचे कान लाल होत होते. तेव्हा आई उठली. डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली, जिन्याखालच्या घागरीतून तांब्याभर पाणी घेतलं, पदराचं टोक भिजवलं आणि साहेबापुढे उभी राहिली. "त्यांना सांगा," ती आबांना म्हणाली, "त्यांना लागलं म्हनून बोलले मी. हसाया न्हाय."

आबांनी सांगितलं. साहेबाने तिच्या हातातल्या ओल्या पदराकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, तो कपाळ पुढे करेल. त्याने खिशातून स्वतःचा रुमाल काढला आणि कपाळाला लावला. म्हणाला, माझ्या दुखण्यात तुझ्या बायकोने वाटेकरी व्हायची गरज नाही. आणि मग हुकूम दिला: तुझी नोकरी मी घेत नाही, दिवा तू चांगला ठेवला आहेस. या दोघी आत्ता, माझ्या लाँचमधून जातील. पुन्हा इथे दिसल्या तर तूही जाशील.

आमचं सामान एका ट्रंकेत आणि दोन गाठोड्यांत मावलं. आबांनी शर्टातून बाहुली काढून माझ्या हातात दिली. ते आईला काहीतरी सांगायला गेले आणि साहेब बघतोय म्हणून थांबले. रामाकाका खडकावर पाठ करून उभे होते, खांदे हलत होते. लाँचमधे साहेब पुढे बसला, आम्ही अगदी मागे, दोऱ्यांच्या वेटोळ्यावर. अर्ध्या वाटेवर वाऱ्याची एक झुळूक आली आणि साहेबाची टोपी उडून पाण्यात गेली. तो ताडकन उठला, पाण्याकडे बघत त्याने काहीतरी म्हटलं. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू आला नाही, नुसते ओठ दिसले. आईने पदर दातात गच्च धरला. साहेबाने वळून आमच्याकडे पाहिलं, चांगलं बराच वेळ पाहिलं. आम्ही हसतोय का हे बघत होता की आणखी कशाची वाट बघत होता, हे मला या वयातही सांगता येत नाही. आई मान खाली घालून बसून राहिली आणि तो पुन्हा पुढे तोंड करून बसला.

काकीने आम्हाला दारातच विचारलं, "काय गं, सायबाने हाकलली?" आई गाठोडं उचलून आत गेली, आणि गेली ती जणू कधी बाहेर आलीच नव्हती अशी. पहाटे उठायचं, पाणी भरायचं, दळायचं, मासळी वाळत घालायची. काकीची जीभ पहिल्यासारखीच चालू होती आणि आईचा पदर पहिल्यासारखाच सारखा केला जात होता. आता वाटतं, काकीही काही राक्षसीण नव्हती. मोठा रगाडा, दारूडा नवरा, पाठीत कळ. तिच्या रागालाही कोणी दुसरा रस्ता दाखवला नव्हता. पण तेव्हा मला ती नकोशी वाटायची. एकदा अंगणात माझ्या हातून मडकं फुटलं. मी मोठ्याने "बॉदर!" म्हणाले आणि कान देऊन उभी राहिले. आई मागल्या दारी होती, तिने ऐकलं होतं हे मला पक्कं माहीत होतं. तिकडून काही आलं नाही. मला खापऱ्या गोळा करताना फार रडू आलं.

आबा रजेवर आले ते पुष्कळ दिवसांनी. वाळलेले दिसले. रात्री नव्हे, भर दुपारी, घरात सगळे झोपलेले असताना आईने त्यांना वाढलं आणि समोर बसली. "डोकं आपटतं का अजून?" तिने विचारलं.

"आपटतं की."

"मग काय म्हणता?"

आबांनी कालवलेला घास पानात ठेवला. "काही नाही. खालून कोणी बोलणार नाही हे ठाऊक असलं की शब्द तोंडात येतच नाही."

आईने त्यांच्या पानात भात वाढला. आबा नको म्हणत होते तरी वाढला. मग ती तशीच हातात भाताचं पातेलं धरून बसून राहिली. आबा दुसऱ्या दिवशी परत गेले.

ते गेल्यावर दोनचार दिवसांचीच गोष्ट. अंगणात सुकट पसरलेली होती आणि मला राखायला बसवलं होतं. माझी नजर समुद्राकडे गेली असेल, बेट तिथून सरळ समोर दिसतं. कावळे उतरले. काकी ओटीवरून ओरडत आली, "सटवे! डोळे फुटले काय तुझे? बेटावर राहून मातलीस! जशी आयस तशी लेक, खाली मुंडी..." आणि तिने माझी वेणी धरली. ओटीवर काका जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

आई दळण सोडून दारात आली होती. हात पिठाने पांढरे, पदर डोक्यावरून घसरलेला. तो तिने सारखा केला नाही. अंगणात उतरून ती काकीच्या समोर येऊन उभी राहिली, आणि तिचे ओठ हलताना मी पाहिले. मला वाटलं, आता ती म्हणणार. बॉदर म्हणेल, नाहीतर ब्लास म्हणेल. मी साद द्यायला तयार होऊन उभी राहिले.

"वैनी," आई म्हणाली, "मला राग आलाय."

काकीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"मला राग आलाय. माज्या पोरीला सटवी म्हनायचं न्हाय. तिची वेणी सोडा." आईच्या हातावरचं पीठ खाली सांडत होतं, पण ती मागे सरली नाही. काकांच्या हातातली सुई थांबली. काकीने आईकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि तिची बोटं माझ्या वेणीवरून सैल झाली. कावळे सुकट खात होते आणि कोणी त्यांना हाकलत नव्हतं.

मी काकीच्या हातातून निसटून आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझी उंची तिच्या कोपरापर्यंत येत होती.

"मला पन आलाय," मी म्हणाले.